अवसेच्या दिवशी दोनशे चाळीस शेर

"दोन दिवसांत रिपोर्ट हवा," साहेब म्हणाले. "त्यात काय असणार, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही."

त्यांच्या टेबलावर लष्कराचं पत्र होतं. नगरच्या छावणीतल्या हॉस्पिटलला जाणाऱ्या दुधात पाचातला एक हिस्सा पाणी निघालं होतं. एकदा नाही, सलग तीन महिने. दूध पुरवणारा ठेकेदार म्हणत होता की पाणी माझं नाही. पारनेर तालुक्यातल्या अमुक गावच्या दूध सोसायटीकडून मी कॅन उचलतो आणि छावणीत उतरवतो. पुरावा म्हणून त्याने सोसायटीच्या वहीची नक्कल जोडली होती. रोज दोनशे चाळीस शेर दूध सोसायटीने दिलं, रोज दोनशे चाळीस शेर छावणीने घेतलं. मधे पाणी घालायला जागाच नव्हती.

"वही त्यांची, सही त्यांच्या चेअरमनची," साहेब म्हणाले. "संस्था गुंडाळायची शिफारस करा आणि मोकळे व्हा. तीन दिवसांनी छावणीत कॅप्टनसमोर सुनावणी आहे."

याला ऑफिसात लिक्विडेशन म्हणतात. गावात म्हणतात, सोसायटी बुडाली.

मी तेव्हा सहकारी खात्यात सब-ऑडिटर होतो. लढाई चालू होती. सब-ऑडिटरने गावोगावच्या संस्थांच्या वह्या तपासायच्या असतात. पगार बेताचा, भत्ता त्याहून बेताचा, आणि मान फक्त जिथे गडबड आहे त्या गावात मिळतो. गडबड जितकी मोठी तितका हार जाड.

या गावात हार फारच जाड होता.

सुप्यापर्यंत सर्व्हिस मोटारीने गेलो. पेट्रोल लष्कराला लागत असल्यामुळे ती कोळशाच्या गॅसवर चालायची, म्हणजे चढावर आम्ही तिला चालवायचो. तिथून चार मैल बैलगाडी. गावाच्या वेशीत रावसाहेब स्वतः उभे होते. युद्धनिधीला भरघोस देणगी दिल्याबद्दल त्यांना ही पदवी मिळाली होती, आणि ती मिळाल्यापासून त्यांचं मूळ नाव कुणी घेत नव्हतं. सोसायटीचे चेअरमन तेच. हार, नारळ, पेढे झाले. मग त्यांनी सहकार या विषयावर उभ्या उभ्या पाऊण तास भाषण केलं. ऐकायला मी, गाडीवान आणि दोन बैल. बैलांनी जास्त लक्ष दिलं.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे चावडीशेजारची एक खोली. तिच्यावरची पाटी खोलीपेक्षा रुंद होती. आत गव्हर्नरसाहेबांचा फोटो, त्याखाली रावसाहेबांचा, आणि त्याखाली रेशमी रुमालात गुंडाळलेली वही.

"ही आमची पक्की वही," रावसाहेब म्हणाले आणि हात धुऊन रुमाल सोडला.

वाचकांसाठी इथे दोन शब्द सांगतो. कुठल्याही व्यवहाराच्या निदान दोन वह्या असतात. घडेल तसं, घडेल तेव्हा, उभ्या उभ्या लिहिलेली ती कच्ची वही. तिच्यावर तेलाचे डाग असतात, खाडाखोड असते, कधी मधेच शाई संपून पेन्सिल सुरू होते. मग सवडीने बसून, नीट जुळवून, चांगल्या अक्षरात लिहिलेली ती पक्की. लोक दाखवतात पक्की. ऑडिटरने बघायची असते कच्ची.

पण ही पक्की वही बघण्यासारखीच होती. चामड्याची बांधणी, सोनेरी अक्षरं. आत सत्तर सभासदांची नावं, प्रत्येकासमोर रोजचं माप, तळाला बेरीज. एक खाडाखोड नाही. मी बेरजा तपासल्या. सगळ्या बरोबर. प्रत्येक पानावर रावसाहेबांची सही, खाली दोन रेघा आणि दोन टिंबं.

बेरीज रोज दोनशे चाळीस. श्रावणात दोनशे चाळीस, भर वैशाखात दोनशे चाळीस. गावातल्या म्हशी पलटणीत भरती झाल्यासारख्या शिस्तीने दूध देत होत्या. ओला चारा असो नाही तर वाळलेली वैरण, एखादी आटो नाही तर एखादी विओ, अकरा महिन्यांत एक पावशेर इकडचा तिकडे झाला नव्हता.

"रावसाहेब, उन्हाळ्यात दूध कमी होत नाही?"

"शिस्त!" ते म्हणाले. "मी चेअरमन झाल्यापासून शिस्त लावली."

"म्हशींना?"

"सगळ्यांना."

"कुणाचं अक्षर आहे हे? सुरेख आहे."

"आहे की नाही?" ते खुलले. "अण्णाशेटचा कारकून. अण्णाशेट म्हणजे आमचा ठेकेदार. तो म्हणाला, रावसाहेब, लष्कराची गाठ आहे, तुमची ती दुधाने बरबटलेली वही साहेबलोकांना दाखवणार काय? वही त्याची, शाई त्याची, कारकून त्याचा. महिन्यातून एकदा येऊन लिहून जातो. एक पैसा घेत नाही."

मी पेढा खाली ठेवला.

सोसायटीच्या वहीत सोसायटीने किती दूध दिलं ते लिहायचं असतं. आणि ते लिहीत कोण होतं, तर ते दूध विकत घेणारा माणूस. तो बहुधा छावणीच्या पावत्या समोर ठेवून त्यांवरून वही उतरवत होता. मग ताळमेळ बसणार नाही तर काय होईल? आरशासमोर उभं राहून माणूस मोजला तर आकडा जुळतोच.

"आणि तुम्ही सही केलीत."

"प्रत्येक पानावर!"

"वाचून?"

रावसाहेबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "अहो, सह्या किती असतात!"

"आधीची कच्ची वही कुठाय?"

"जाळायला सांगितली मी. पक्की असताना कच्ची कशाला हवी? दोन वह्या म्हणजे दोन तोंडं."

हा त्या गावचा प्रामाणिक समज होता, आणि माझी पंचाईत तिथेच झाली. वही संशयास्पद आहे हे मला दिसत होतं, पण संशय रिपोर्टात लिहिता येत नाही. अण्णाशेटच्या बाजूने चेअरमनच्या सहीची वही होती. सोसायटीच्या बाजूने फक्त रावसाहेब होते. गावातले लोक शपथेवर सांगायला तयार होते की आम्ही एक थेंब पाणी घातलं नाही. पण सत्तर जणांच्या शपथांची बेरीज करायला वहीत रकाना नसतो.

गेलं तर काय जाणार, ते मला ज्ञानबांनी सांगितलं. ते सोसायटीचे सभासद; त्यांच्या ओसरीवर माझा मुक्काम होता. जमीन कोरडवाहू, बाजरी झाली तर झाली. रोख पैसा गावात दुधानेच येई. तीन महिन्यांचं दूध अण्णाशेटकडे अडकलं होतं, शिवाय अनामत म्हणून घरटी पाच पाच रुपये त्याच्याकडे ठेवले होते. करारात कलम होतं: दूध भेसळीचं ठरलं तर देणं शून्य, अनामत जप्त.

"पैका जाईल, जाऊ द्या," ज्ञानबा म्हणाले. "पन उद्या बाजारात म्हनतील, ह्ये पानीवाले आले. मंग आमचं दूध कोन घेनार? म्हशी काय शोभंला बांधायच्या?"

"उद्या सकाळी दूध घालायला लोक येतील ना? मी स्वतः मोजून बघतो."

"उद्या?" ज्ञानबा काही तरी बोलणार होते, तेवढ्यात आतून त्यांच्या घरच्यांनी हाक मारली आणि ते उठले.

पहाटे घोंगडं पांघरून चावडीशी गेलो. थंडी मरणाची होती. ऑफिसाच्या दारात एक बाई पोत्यावर बसली होती. पन्नाशीची, पांढरं लुगडं, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. समोर दुधाचं माप आणि गुडघ्यावर शाळेत पोरं वापरतात तसली वही. मी तिथे बसलो. उजाडलं. सूर्य हातभर वर आला. एक माणूस आला नाही.

"बाई, दूध घालायला लोक केव्हा येतात?"

"रोज अंधारात येत्यात," त्या म्हणाल्या. "आज कोन येनार? आज अवस हाय."

"म्हणजे?"

"तुमी नगरचे का? ह्या गावात अवसेचं दूध इकत न्हाईत. जनावर आटतं म्हनत्यात. पोरांनी प्यायचं, राहिलं तर म्हसोबाला. इकायचं न्हाई म्हंजे न्हाई."

"दर अवसेला?"

"माझ्या सासूच्या येळेपासनं."

मी थंडी विसरलो. काल पाहिलेल्या वहीत महिन्याचे सगळे दिवस भरलेले होते. एक ओळ रिकामी नव्हती.

"आणि मग तुम्ही कशाला बसलाय इथे?"

बाईंनी चष्मा सारखा केला. त्यांचं नाव रूथबाई. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर होता, वारला. दूध मोजून घेणं आणि लिहिणं हे काम सोसायटीने त्यांना दिलं होतं, कारण पहाटे चार वाजता उठून लिहू शकणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. पगार रोजाचा दोन आणे.

"रावसाहेब म्हनत्यात, अवसेला दूध न्हाई तर तुझा रोज न्हाई. म्या म्हनते, दूध न्हाई ह्यो काय माझा गुन्हा? मी ख्रिस्ती. मला अवस न्हाई. मी येते, बसते, माप घासून ठिवते. आल्याचा पुरावा पायजे म्हनून लिवून ठिवते. येक दिवस तालुक्याला अर्ज देनार हाय."

"लिहून ठेवता? कुठे?"

त्यांनी गुडघ्यावरची वही माझ्यापुढे केली.

तीस वर्षं वह्या पाहिल्या. इतकी कळकट आणि इतकी सुंदर वही पुन्हा पाहिली नाही. प्रत्येक पानाला दुधाचे पिवळे डाग, कोपरे गोल झालेले. सभासदाचं नाव, माप, शेजारी शेरा: 'म्हैस आजारी', 'अर्धा शेर सांडलं', 'भांडण करून परत नेलं'. बेरीज एक दिवस एकशे ब्याण्णव, दुसऱ्या दिवशी एकशे शहाऐंशी, सणाच्या दिवशी एकदम दीडशे. खऱ्या म्हशी. खाली लॉरीच्या ड्रायव्हरची सही, कारण कॅन तो उचलून नेत असे आणि रूथबाई सहीशिवाय कॅनला हात लावू देत नसत.

आणि दर महिन्यात एक ओळ: 'अवस. दूध नाही. शून्य शेर. मी हजर. लॉरी आली, रिकामे कॅन ठेवून गेली.' त्याखालीही ड्रायव्हरची सही.

"शून्यावर सही घेतलीत?"

"मंग? मी आले व्हते ह्येला साक्षीदार कोन? त्योच येकला येतो."

"जुन्या वह्या रावसाहेबांनी जाळायला सांगितल्या होत्या."

"सांगितल्या व्हत्या खऱ्या." बाई शांतपणे म्हणाल्या. "पन माझे बावीस आणे त्यात हायत. पुराव्यासकट कोन जाळतं?"

अकरा महिने, अकरा अवसा, बावीस आणे. बाईंनी व्याज लावलेलं नव्हतं.

तेवढ्यात धूर सोडत लॉरी आली. ड्रायव्हरने रिकामे कॅन उतरवले, वहीवर न बघता सही केली, "आज सुट्टी, मावशे," म्हणाला आणि गेला. घोंगड्यातला मी त्याला गावचाच कुणी वाटलो असणार. तो गेल्यावर मी रूथबाईंची लेखणी घेतली आणि त्याच शून्याखाली माझी सही केली: सब-ऑडिटर, सहकारी खातं, तारीख, वेळ. आयुष्यात मी बऱ्याच मोठमोठ्या रकमांखाली सह्या केल्या आहेत. इतक्या आनंदाने कुठेच नाही.

मग दिवसभराचं काम सोपं होतं. रूथबाईंनी चुलीमागून बारदानाची पिशवी काढली. तिच्यात आधीच्या सगळ्या वह्या होत्या. गावच्या जोशांकडून पंचांग मागून आणलं. ऑडिटच्या सामानात पंचांग नसतं, पण त्या दिवसापासून माझ्या पिशवीत कायम असे. एका बाजूला पंचांग, मधे कच्ची वही, दुसऱ्या बाजूला लष्कराच्या पत्राला जोडलेली पावत्यांची यादी. प्रत्येक अवसेला गावाने शून्य दूध दिलं होतं आणि छावणीला दोनशे चाळीस शेर पोचलं होतं.

गेल्या तीन महिन्यांतल्या बाकीच्या दिवसांची सरासरी काढली. गावाने दिलं साधारण एकशे नव्वद. छावणीत पोचलं दोनशे चाळीस. रस्त्यात वाढलं पन्नास. दोनशे चाळिसात पन्नास म्हणजे पाचातला एक हिस्सा आणि वर थोडं. लष्कराच्या यंत्राने दुधात पाणी सांगितलं होतं, तेही तेवढंच. ही बेरीज मी चार वेळा केली. चुकेल म्हणून नाही. बघायला बरी वाटत होती म्हणून.

संध्याकाळी रावसाहेबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी वर गव्हर्नरसाहेबांच्या फोटोकडे पाहिलं.

"म्हणजे अवसेला..."

"अवसेला तुमच्या सहीने दोनशे चाळीस शेर दूध गेलं. बारा महिन्यांच्या अवसा गावात पाळल्या जातात, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"मी स्वतः पाळतो."

"मग?"

"मला काय माहीत आत काय लिहिलंय!" ते ओरडले, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"हेच परवा कॅप्टनसमोर म्हणायचं," मी म्हणालो.

"चारचौघांत? मी न वाचता सही करतो म्हणून? साहेब, माझी काही पत आहे जिल्ह्यात."

"रावसाहेब, तुम्ही वाचून सही केली असेल तर गाव खोटं बोलतंय. न वाचता केली असेल तर अण्णाशेट. मधलं काही मला सापडत नाही. तुम्हाला सापडलं तर सांगा."

मी निघालो तेव्हा हार नव्हता.

सुनावणी छावणीत, कॅप्टनच्या ऑफिसात होती. कॅप्टन स्कॉटलंडचा, उंच, तांबूस मिशांचा. शेजारी आमचे साहेब. माझा रिपोर्ट त्यांनी सकाळी वाचला होता, आणि तेव्हापासून ते माझ्याकडे बघत नव्हते. अण्णाशेट शुभ्र धोतर, काळा कोट, जरीची टोपी अशा थाटात आले. रेशमी रुमालातली वही त्यांनीच रावसाहेबांकडून मागून आणली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. रूथबाई बारदानाची पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या.

"साहेब, माझं एवढंच म्हणणं आहे," अण्णाशेट म्हणाले. "मी हमाल. दिलं ते उचललं, उचललं ते पोचवलं. वही सोसायटीची आहे. आणि आमचे रावसाहेब वाचल्याशिवाय सही करत नाहीत, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे."

सापळा सुरेख होता. त्यात मान घातली की मानच मिळणार होता. आमच्या साहेबांनी विचारलं, "रावसाहेब, खरं आहे?"

रावसाहेबांनी फेटा सारखा केला. अण्णाशेटकडे पाहिलं. दाराबाहेर गावची पाच-सहा माणसं उभी होती, ज्ञानबा सगळ्यांत पुढे. मी मनात सोसायटीचं लिक्विडेशन लिहायला सुरुवात केली होती.

"नाही," रावसाहेब म्हणाले. "एकही पान वाचलं नाही. अकरा महिने. नुसती सही केली. चांगलं अक्षर बघून." आणि मग, आवाज चढवून, "अक्षर यांच्या कारकुनाचं आहे. विचारा त्यांना!"

बाहेर कुणी तरी मोठ्याने "व्हय!" म्हणालं.

त्या माणसाच्या भाषणांना मी पुष्कळ हसलो आहे. त्या सात वाक्यांना कधी हसलो नाही.

अण्णाशेटचा चेहरा जरा उतरला, पण माणूस पक्का होता. "कारकून दिला, उपकार केला. आकडे तर त्यांनीच सांगितले असणार!"

"मग हे आकडे बघू," आमचे साहेब म्हणाले, आणि मला खूण केली. मी पिशवीतून वह्या काढून टेबलावर मांडल्या. कॅप्टनने एक उचलली, उघडली, आणि चक्क नाकाशी नेली. मग चामड्याची वही उचलून तीही हुंगली. इंग्रजीत काही तरी पुटपुटला. आमच्या साहेबांनी भाषांतर केलं:

"कॅप्टनसाहेबांच्या घरी गाई आहेत. ते म्हणतात, या दोन वह्यांतली एकच वही दुधाजवळ राहिलेली आहे."

मी अवसेच्या नोंदी दाखवल्या. अण्णाशेट म्हणाले, "बनावट! आमच्या ड्रायव्हरची सही कुणीही करील."

ड्रायव्हर बाहेर लॉरीपाशी विडी ओढत होता. त्याला बोलावलं. त्याने वही बघितली, मालकाकडे बघितलं, रूथबाईंकडे बघितलं, आणि कुणाला जास्त भ्यायचं हे ठरवलं.

"सही माझीच हाय जी," तो म्हणाला. "मावशी सही केल्याबिगर कॅन सोडत न्हाई. रिकामासुदिक न्हाई."

"आणि छावणीत पोचलेलं दूध?"

"त्ये मला काय ठावं? मी लॉरी शेटच्या नगरच्या वाड्यात लावतो. च्या पिऊन येतो. परत येतो तवर लॉरीत भरल्याले कॅन असत्यात."

अण्णाशेट त्याच्यावर धावून गेले नाहीत एवढंच. शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणाले, "ड्रायव्हर फितवला! बाईला पगाराचा राग आहे! एक तरी बाहेरचा साक्षीदार आणा."

मी शेवटचं पान उघडलं. परवाची अवस, शून्य शेर, खाली माझी सही. "मी होतो," म्हणालो. "सकाळी साडेसातपर्यंत. थंडीत." आणि कॅप्टनला विनंती केली की परवाची दूध आवक बघावी.

कॅप्टनने शिपायाकडून रजिस्टर मागवलं. पान उलटलं. त्या दिवशी छावणीला मिळालेलं दूध दोनशे चाळीस शेर, पुरवणाऱ्याच्या रकान्यात आमच्या सोसायटीचं नाव.

करारात आणखी एक कलम होतं. दूध फक्त या सोसायटीचं हवं, कारण लष्कराच्या ढोरांच्या डॉक्टरने तिथल्याच म्हशी तपासून पास केल्या होत्या. दुसरीकडचं दूध आणलं तर ठेका रद्द. अवसेचं दूध अण्णाशेटने कुठून पैदा केलं, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण आता कुठलंही उत्तर त्याच्याच गळ्यात पडत होतं. सोसायटीचं म्हणावं तर सोसायटीने शून्य दिलेलं. दुसऱ्याचं म्हणावं तर ठेका मोडलेला. नुसतं पाणी म्हणावं, तर निदान ते प्रामाणिक झालं असतं.

तो खाली बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

ठेका त्याच दिवशी रद्द झाला. अण्णाशेटचं लष्कराकडे असलेलं बिल अडकवून ठेवलं गेलं आणि त्यातून गावाचे तीन महिन्यांचे पैसे आणि अनामत वसूल झाली. पोलीस केस झाली ती त्याच्यावर. पुढच्या महिन्यापासून लष्कराने सोसायटीशी थेट करार केला, रोज एकशे नव्वदचा. आणि करारात, कॅप्टनच्या हाताने, एक ओळ वाढवली गेली: अमावस्येला पुरवठा नाही. त्याला अमावस्या म्हणजे काय ते समजावून सांगायला आमच्या साहेबांना बरीच मेहनत पडली. शेवटी ते म्हणाले की त्या दिवशी म्हशींची सुट्टी असते, आणि ते त्याला तत्काळ पटलं.

सुनावणीनंतर बाहेर ज्ञानबांनी रूथबाईंना वाकून नमस्कार केला. बाईंना ते आवडलं नाही.

"पाया काय पडताय? रोज बुडवला तवा कुटं हुता?"

"मावशे, आमाला ठावं न्हवतं."

"वहीत हुतं की," त्या म्हणाल्या. "कुनी बघितली?"

रावसाहेबांनी तिथल्या तिथे कोटाच्या खिशातून बावीस आणे मोजून दिले. परवाच्या अवसेचे दोन धरून चोवीस होतात, असं रूथबाईंनी सांगितलं. तेही दिले. मग बाईंनी त्यांच्याकडून पावतीपुस्तक मागितलं, कारण पैसे कुणाच्या खिशातून आले आणि कुणाच्या खात्यात लिहायचे, हे स्पष्ट झालं पाहिजे. बाईंनी लिहिलेली पावती रावसाहेबांनी शब्द न् शब्द वाचली. दोनदा वाचली. मग सही केली. दोन रेघा होत्या, टिंबं नव्हती.

साहेब परतीच्या वाटेवर टांग्यात म्हणाले, "मी लिक्विडेशन म्हणालो होतो, ते रिपोर्टात नाही ना?"

"नाही साहेब."

"ठीक," म्हणून त्यांनी टांगेवाल्याला घोडा हाकायला सांगितलं.

नंतरच्या नोकरीत पुष्कळ संस्था पाहिल्या. सुंदर वह्या पुष्कळ पाहिल्या. लोक मला विचारतात, छोट्या धंद्याला, छोट्या संस्थेला एवढं लिहायची काय गरज? मी त्यांना दोनच गोष्टी सांगतो. आपली वही आपण लिहावी; फुकट लिहून देणारा भेटला तर आधी त्याचा धंदा विचारावा. आणि ज्या दिवशी काही घडलं नाही, त्या दिवशी काही घडलं नाही असं लिहावं. रिकामी जागा कुणीही भरू शकतो. लिहिलेलं शून्य भरता येत नाही.

पुढच्या वर्षी त्या सोसायटीचं ऑडिट माझ्याकडेच आलं. हार नव्हता, चहा होता. वही एकच होती, डागांची. एका दिवशी दोन शेर दूध कमी भरत होतं. मी बोट ठेवून वर पाहिलं, तर रूथबाईंनी शेरा वाचायची खूण केली. तिथे लिहिलं होतं: 'मांजर. काळं. पाटलांचं.'

मी त्या संस्थेला 'अ' वर्ग दिला.